तो मान आणि ती मान

मराठीत ‘मान’ हा शब्द मोठा मजेदार आहे. तो पुल्लिंगी असला म्हणजे त्याचा अर्थ आदर. स्त्रीलिंगी झाला की तोच शब्द आपले डोके पेलून धरणाऱ्या अवयवाचे नाव होतो. तो मान द्यावा लागतो. ती मान वर करावी लागते, खाली घालावी लागते, प्रसंगी तुकवावीही लागते. व्याकरणाच्या तासाला मुले या शब्दाला हसतात आणि मीही त्यांना हसू देतो. परंतु मुंबईच्या रस्त्यांवरून पायी हिंडताना, चौकातले पुतळे, जुनी कारंजी आणि इमारतींच्या अंगावर कोरलेली दगडी माणसे पाहताना मला पुन्हा पुन्हा वाटत आले आहे की, या एका शब्दाच्या दोन लिंगांत एक मोठा नैतिक प्रश्न दडलेला आहे. चौथऱ्यावरचे शिल्प आपल्याकडे तो मान मागत असते. आपण मात्र त्याच्याकडे पाहण्यासाठी ती मान वर करायलाही तयार नसतो. मग मागणारा आणि देणारा यांच्यातला हा व्यवहार आहे तरी काय?

फराळाचे ताट समोर असताना असला प्रश्न कशाला, असे वाचक म्हणतील. पण दिवाळीच्या तोंडावर आपण घर झाडतो, माळ्यावरच्या वस्तू खाली काढतो, आणि कोणती ठेवायची नि कोणती टाकायची यावरून घरातल्या वडीलधाऱ्यांत नि तरुणांत चार शब्दही होतात. शहर हेही एक मोठे घरच आहे. त्याच्या दिवाणखान्यात कोणाची तसबीर लावायची, कोणाची उतरवायची आणि उतरवलेल्या तसबिरीचे पुढे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे येतोच. तेव्हा या प्रश्नाला दिवाळीइतका दुसरा चांगला मुहूर्त नाही.

संग्रहालयातली कला आणि रस्त्यावरची कला यांत एक मूलभूत फरक आहे. संग्रहालयात आपण ठरवून जातो, तिकीट काढतो, आवाज खाली आणतो. म्हणजे पाहण्याची तयारी आपण घरूनच करून निघालेलो असतो. रस्त्यावरच्या शिल्पाला ही सोय नाही. ते आपल्याला गाठते तेव्हा आपली आठ सत्तावीसची गाडी चुकत असते. त्याच्यापुढून दिवसाला हजारो माणसे जातात आणि त्यांतला एकही त्याचा प्रेक्षक म्हणून आलेला नसतो. अशा शिल्पाचे आपण कोण लागतो? पाहुणे, मालक, की नुसते वाटसरू?

माझ्यापुरता हा प्रश्न पुस्तकातून आलेला नाही. शालान्त परीक्षेपलीकडे माझे शिक्षण गेले नाही. कादंबऱ्या लिहितो आणि एका रात्रशाळेत मुलांना मराठी शिकवतो. मुले म्हणायची इतकेच; त्यांत सोळा वर्षांचा पोऱ्या असतो तशी पस्तिशीची दोन लेकरांची आईही असते. कोणी दिवसा झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो, कोणी उपाहारगृहात कपबश्या विसळतो, कोणी कचेऱ्यांतून टपाल पोहोचवतो. थंडी पडली की एखाद्या रविवारी सकाळी, ज्यांना जमेल त्यांना घेऊन मी कोटातून पायी फेरी काढतो. खर्च चहापुरता. पहिल्याच फेरीला एकाने विचारले होते, “सर, तिकीट किती?” तिकीट नाही म्हटल्यावर त्याला खरे वाटेना. जे पाहण्यासारखे आहे त्याला तिकीट असते, आणि ज्याला तिकीट नाही ते पाहण्यासारखे नसते, असा त्याचा आजवरचा अनुभव होता.

आमची फेरी सुरू होते ती महात्मा जोतीराव फुले मंडईपासून. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून क्रॉफर्ड मार्केटच आहे. ही इमारत १८६९ मध्ये पुरी झाली. तिच्या दर्शनी कमानींवर दगडात कोरलेले पट्ट आहेत आणि त्यांवर आहेत आपले शेतकरी. हे काम जॉन लॉकवुड किपलिंग यांचे. हे गृहस्थ जे. जे. कलाशाळेत शिक्षक होते. पुढे जगभर गाजलेले लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे चिरंजीव. त्या पट्टांखालून आजही डोक्यावर पाट्या घेतलेले हमाल आतबाहेर करीत असतात. वर दगडातला कष्टकरी, खाली हाडामांसाचा. दोघांची गाठ मात्र पडत नाही.

तिथून चार पावलांवर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेल्या या स्थानकाचे बांधकाम १८७८ मध्ये सुरू झाले आणि त्याला सुमारे दहा वर्षे लागली. २००४ पासून ते जागतिक वारसा म्हणून गणले जाते. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह नि दुसरीकडे वाघ बसला आहे. सिंह इंग्लंडचा आणि वाघ हिंदुस्थानचा. घुमटाच्या टोकावर प्रगतीची मूर्ती हात उंचावून उभी आहे. पण मुलांना घेऊन मी थांबतो तो भिंतीजवळ. पाने, फुले, माकडे, मोर, सरडे असा अवघा संसार तिथे दगडात भरलेला आहे, आणि त्यातले बरेचसे काम जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. त्या विद्यार्थ्यांची नावे तिथे कुठेही नाहीत. दर्शनी भागावर घड्याळाखाली एक कोनाडा आहे. त्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. कोनाडा रिकामा राहिला. राणी गेली, पण तिच्या पायाशी कोणा अनाम पोराने कोरलेले पान अजून तजेलदार आहे. मानाचा पुतळा जाऊ शकतो. हाताचे काम टिकून राहते, हा पहिला धडा आम्ही तिथे गिरवतो.

पुढे दादाभाई नौरोजी मार्गावर दुतर्फा कमानींच्या पडव्या लागतात. पावसाळ्यात त्यांच्याखालून कोरड्या अंगाने चालता येते. अशाच एका फेरीत मी एका इमारतीच्या माथ्यावरची नक्षी दाखवीत होतो, तेव्हा टपाल पोहोचवणारा आमचा एक विद्यार्थी खाली बघत म्हणाला, “सर, गावाहून आलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी इथंच झोपत होतो, या खांबाशी. पण वर काय आहे ते कधी बघितलं नाही.”

“का रे?” मी विचारले.

“डोक्यावर ओझं असलं की मान वर होत नाही, सर,” तो म्हणाला. “आणि ओझं उतरवलं की झोप येते.”

त्यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. आम्ही पुढे चालू लागलो. परंतु त्याच्या त्या दोन वाक्यांनी माझ्या साऱ्या प्रश्नाची दिशाच बदलली. रस्त्यावरची कला फुकट असते हे अर्धसत्य आहे. तिला तिकीट नसते, पण तिची किंमत असते. आणि ती किंमत म्हणजे थोडी फुरसत आणि मोकळी मान. या शहरात या दोन गोष्टी सर्वांच्या खिशात सारख्या नाहीत. सार्वजनिक म्हणून जे काही उभारले जाते त्यातले किती खरोखर सर्व जनांचे असते, हा हिशेब मांडायचा तर तो या खांबापासून मांडला पाहिजे.

याच रस्त्याच्या टोकाला दादाभाई बसले आहेत. बाळाजी तालीम यांनी घडवलेला हा पुतळा १९२५ चा. या देशाची संपत्ती परदेशात कशी वाहून जाते याचा आकड्यांनिशी हिशेब मांडणारा हा वृद्ध पुरुष राज्यकर्त्यांनी बांधलेल्या कोटाच्या मध्यावर येऊन बसतो, आणि तेही इंग्रजांचे राज्य चालू असताना, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याच्यापलीकडे फ्लोरा कारंजे. १८६४ मध्ये उभारलेल्या या कारंज्याचे शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे. गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांचे नाव या कारंज्याला मिळावे असा मूळ बेत होता. पण माथ्यावर उभी राहिली रोमन लोकांची पुष्पदेवता फ्लोरा, आणि लोकांनी नाव घेतले ते देवीचे. बिचारे गव्हर्नरसाहेब विसरले गेले. २०१९ मध्ये डागडुजी होऊन हे कारंजे पुन्हा वाहते झाले.

या कारंज्याला लागूनच हुतात्मा स्मारक आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी इथे माणसे जमली, त्यांच्यावर गोळीबार झाला. आणि पुढच्या लढ्यात मिळून शंभरावर माणसांनी प्राण दिले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. स्मारकात एक शेतकरी आणि एक कामगार मशाल धरून उभे आहेत. त्यांच्या चेहऱ्याला कोणा एका माणसाचे नाव नाही.

इथे मुलांना थोडा वेळ बसवून मी तीन ठिकाणांची सांगड घालायला सांगतो. पहिले ठिकाण राजाबाई टॉवर. ओव्हल मैदानावरून दिसणारा हा मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली आणि आपल्या आईचे नाव त्याला लावले. त्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या जातींच्या माणसांच्या चोवीस मूर्ती आहेत. त्या घडवल्या रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्याच इंजिनियराने. दुसरे ठिकाण महात्मा गांधी मार्गावरची न्यू इंडिया ॲशुरन्सची इमारत, १९३६ सालची. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बायका अशी भरदार, उंच माणसे कोरली आहेत. आणि तिसरे हे हुतात्मा स्मारक.

तिन्ही ठिकाणी माणूस साधाच आहे. राजा नाही, सेनापती नाही. तरी फरक केवढा! मनोऱ्यावरचा माणूस नमुना म्हणून उभा आहे. अमुक जातीचा मनुष्य असा दिसतो, त्याचे पागोटे असे असते, हे सांगण्यासाठी त्याला तिथे चढवले आहे. मुकुंद रामचंद्रांचा हात कसबी होता यात शंका नाही, पण मागणी नमुन्याची होती. पानसऱ्यांचा माणूस कष्ट करतो. त्याचे खांदे, त्याची बोटे बोलतात. कोणाचा कोण हे विचारावेसे वाटत नाही, काय करतो ते पाहावेसे वाटते. आणि चौकातला शेतकरी तर हातातले अवजार बाजूला ठेवून मशाल घेऊन उभा राहिला आहे. अर्ध्या तासाच्या वाटेत आपण नमुन्यापासून नागरिकापर्यंत चालत येतो. हा प्रवास कोणत्याही पाटीवर लिहिलेला नाही. तो पायांना आणि डोळ्यांनाच कळतो.

आता येतो खरा वादाचा मुद्दा. तो आमच्या फेरीत नेहमी काळ्या घोड्यापाशी निघतो.

या जागी एके काळी ब्राँझचा एक घोडेस्वार होता. स्वार म्हणजे राजपुत्र असतानाचा सातवा एडवर्ड. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम. आल्बर्ट ससून यांनी तो शहराला भेट दिला आणि १८७९ मध्ये त्याचे अनावरण झाले. राजपुत्राच्या स्वारीची आठवण राहावी हा हेतू. पण मुंबईकरांनी केले काय, तर वरच्या राजपुत्राकडे साफ दुर्लक्ष करून खालच्या जनावराचे नाव जागेला दिले. काळा घोडा! १९६५ मध्ये हा पुतळा इथून हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. त्यानंतर पन्नासावर वर्षे इथे घोडा नव्हता, तरी जागेचे नाव काळा घोडाच राहिले. अखेर २०१७ मध्ये जुन्या जागेजवळ एक नवा घोडा उभा राहिला. श्रीहरी भोसले यांनी घडवलेला हा घोडा बिनस्वाराचा आहे. लोकांनी शतकापूर्वी जिभेने जे केले ते शिल्पकाराने मग धातूत केले.

ही हकीकत ऐकून झेरॉक्सच्या दुकानातला आमचा मुलगा म्हणाला, “सर, हलवला कशाला? वितळवायचा होता. ज्यांनी आपल्याला गुलाम केलं, त्यांचा पुतळा आपल्या पैशानं का जपायचा?”

त्यावर वर्गातली एक बाई, जी दिवसा एका भोजनालयात पोळ्या लाटते, ती म्हणाली, “अरे, पण घोड्यानं काय केलं? आणि घडवणाऱ्यानं?”

वर्ग दोन्हीकडे वाटला गेला आणि मला ते आवडले, कारण दोघांच्याही म्हणण्यात दम होता. मुलाचे म्हणणे असे की, चौकातला चौथरा ही मानाची जागा आहे. तिथे कोणाला उभे करणे म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या वतीने त्याला मुजरा करणे. मी मुजरा करणार नसेन, तर माझ्या नावावर तो का केला जावा? हे बिनतोड आहे. बाईचे म्हणणे असे की, वस्तू केवळ तिच्या मालकाची नसते; ती करणाऱ्याची असते आणि पाहणाऱ्याचीही असते. हेही बिनतोड आहे.

माझ्या मते या भांडणाची गाठ त्या एका शब्दात आहे. तो मान आणि ती मान यांची आपण गल्लत करतो. एखाद्या शिल्पाकडे मान वर करून पाहणे म्हणजे त्यातल्या माणसाला मान देणे नव्हे. आणि मान द्यायचा नाही म्हणून पाहायचेच नाही असेही नव्हे. मान हा उसना मिळत नाही. आजोबांनी कोणाला दिला म्हणून नातवाने तो पुढे चालवलाच पाहिजे, असा दंडक नाही. तो प्रत्येक पिढीने आपल्या बुद्धीने, नव्याने ठरवावा. पाहणे मात्र प्रत्येकाचे कर्तव्य आहे. पूज्याकडेही पाहावे आणि त्याज्याकडेही पाहावे. किंबहुना, न पाहता दिलेला मान आणि न पाहता केलेला अपमान, दोन्ही सारखेच पोकळ.

या दृष्टीने व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याची गोष्ट मला मोलाची वाटते. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेला, मॅथ्यू नोबल यांनी घडवलेला हा पुतळा १८७२ पासून कोटात छत्रीखाली बसलेला होता. १८९६ च्या ऑक्टोबरात चाफेकर बंधूंनी त्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. हा मान आम्ही देत नाही, असे त्यांनी भर रस्त्यात सांगितले. पुढे रँडच्या वधानंतर ते फासावर गेले, म्हणजे बोलल्या शब्दाची किंमतही त्यांनी मोजली. ते डांबराचे डाग काही केल्या निघेनात. ते अखेर काढले प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर या आपल्या रसायनशास्त्रज्ञाने. आता यात देशभक्त कोण आणि राजनिष्ठ कोण, अशी वाटणी करायला मी वर्गात कोणाला सांगत नाही. एकाने राणीचा मान नाकारला. दुसऱ्याने दगडाची प्रकृती ओळखली. इतिहासात या दोन्ही गोष्टी एकाच पुतळ्याच्या अंगावर घडल्या, आणि एकीने दुसरी खोटी पडत नाही.

हे पुतळे आज कुठे आहेत ते पाहायचे असेल तर दुसऱ्या रविवारी भायखळ्याला जावे लागते. वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाला, म्हणजेच आपल्या राणीच्या बागेला लागून डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते उघडले तेव्हा त्याला राणीचे नि तिच्या यजमानांचे नाव होते; १९७५ मध्ये ते भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्याच्या आवारात शहरातून उतरवलेले पुतळे आणून ठेवले आहेत. व्हिक्टोरिया आहे, काळ्या घोड्याचा स्वार आहे, लॉर्ड कॉर्नवॉलिस आहे. या कॉर्नवॉलिसची तर गंमतच. कोटात त्याच्या पुतळ्यावर छत्री होती, आणि ती पाहून लोक त्या जागेला ‘छोटे देऊळ’ म्हणू लागले. फुलेही वाहू लागले. ज्याला आपल्या पराक्रमाचा मान हवा होता त्याला देवाचा मिळाला, आणि तोही भाविकांच्या गैरसमजातून! आज ही सारी मंडळी झाडांच्या सावलीत आहेत. कोणी भंगलेले आहे. त्यांच्यापुढे शाळेच्या सहलीची पोरे चिवडा खातात.

आणि या सर्वांच्या संगतीला तिथे एक दगडी हत्ती उभा आहे. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. त्याच्यामुळेच पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलेफंटा’ नाव दिले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे या बागेत आणले आणि १९१४ मध्ये जोडून त्याला पुन्हा उभे केले. ज्यांच्या राज्यात तो फुटला त्या राज्याचे धनी आणि तो हत्ती, आज एकाच आवारात, एकाच पावसात उभे आहेत. हत्तीच्या अंगावरचे सांधे बारकाईने पाहिले तर दिसतात. मुलांना मी ते सांधे शोधायला लावतो.

मला ही व्यवस्था पटते. आपल्याकडे जुनी, झिजलेली मूर्ती देव्हाऱ्यातून काढली तर तिला कोणी उकिरड्यावर फेकीत नाही. पूजा थांबते, पण वस्तूची विटंबना होत नाही. सत्तेच्या दैवतांनाही हाच न्याय लावावा. चौकातून त्यांना उतरवले ते योग्यच झाले. ती जागा ज्यांची होती त्यांना मिळाली पाहिजे होती. गेटवे ऑफ इंडियासमोर २६ जानेवारी १९६१ रोजी शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो याच न्यायाने. परंतु उतरवलेल्यांना वितळवून टाकले असते, तर त्या झेरॉक्सवाल्या मुलाला आज राग तरी कोणाचा आला असता? रागालाही पाहायला काही लागते.

अर्थात, उतरवणे सोपे आणि बसवणेही सोपे. अवघड आहे ते पाहत राहणे. गिरगाव चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. ज्या वाळूत १९२० मध्ये त्यांचा देह अग्नीला दिला, तिथेच तो उभा आहे. शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके. १ ऑगस्टला हार पडतात, भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी हार सुकतात आणि वर्षभर कावळ्यांखेरीज तिकडे कोणी पाहत नाही. ज्याला आपण मनापासून मान देतो त्याच्याही वाट्याला आपली वर केलेली मान येत नाही, ही आपली स्थिती आहे. मग नकोशा पुतळ्यांची काय कथा!

भायखळ्यालाच, पुलांच्या दोन फाट्यांमध्ये अडकलेला ‘खडा पारशी’ आहे. उंच लोखंडी खांबावर लांब अंगरख्यातले शेठ कर्सेटजी माणेकजी उभे आहेत. पुत्राने पित्यासाठी हे स्मारक केले. पुत्र माणेकजी कर्सेटजी यांनी मुलींच्या शिक्षणासाठी १८६३ मध्ये शाळा काढली, हेही आज थोड्यांना ठाऊक असेल. लोकांनी दोघांचीही नावे सोडून दिली आणि जे डोळ्यांना दिसले तेवढेच ठेवले: एक पारशी, खडा. मला यात उपहास दिसत नाही. वाटसरू आपल्या बोलीत शिल्पाचे बारसे करतो तेव्हाच ते शिल्प सार्वजनिक होते. काळा घोडा, खडा पारशी, छोटे देऊळ ही नावे कोणत्याही ठरावाने आलेली नाहीत. त्यांत कोणाला दिलेला मान नाही, पण वर केलेली मान नक्की आहे.

आणि एक स्मारक मला या सर्वांहून वेगळे वाटते. कोटात रतनशी मुळजी यांचे कारंजे आहे, १८९४ सालचे. या कच्छी व्यापाऱ्याचा एकुलता मुलगा धरमशी लहान वयात गेला. बापाने त्याच्या नावाने पाणपोई बांधली. माथ्यावर हातात पुस्तक घेतलेला मुलगा आहे आणि खाली माणसांना नि जनावरांना पाणी पिण्याची सोय. बापाने कोणाकडे मान मागितला नाही. ज्याच्या डोक्यावर ओझे आहे त्याने ते क्षणभर उतरवावे, पाणी प्यावे, आणि पिता पिता वर पाहिले तर एक वाचणारा मुलगा दिसावा, एवढीच व्यवस्था करून ठेवली. आमच्या टपालवाल्या विद्यार्थ्याने जो प्रश्न टाकला होता, त्याला मला सापडलेले सर्वांत जवळचे उत्तर हे आहे. वर पाहा असे नुसते सांगून कोणाची मान वर होत नाही. आधी ओझे टेकवायला जागा द्यावी लागते. जे शहर पुतळ्यांचे चौथरे उंच करते आणि पाणपोया कोरड्या ठेवते, त्याने आपल्या पुतळ्यांना प्रेक्षक मिळत नाहीत म्हणून तक्रार करू नये.

तेव्हा वाचकहो, या सुटीत मुलाबाळांना घेऊन आपल्या गावातली एक तरी फेरी पायी काढा. मुंबईच पाहिजे असे नाही. तुमच्या गावातही चौक आहे, वेस आहे, वेशीवर कोणी कोरलेले फूल आहे, पाराशी वीरगळ आहे. मुलांनी विचारले की, हा कोण, तर ठाऊक असेल ते सांगा. याला नमस्कार करायचा का, असे विचारले तर घाई करू नका. तो कोण होता, कोणी उभा केला, कोणाच्या पैशाने, कोणाच्या हातांनी, आणि त्याच्या पायाशी आज कोण बसले आहे, एवढे आधी दोघांनी मिळून पाहा. नमस्कार करायचा की नाही, ते मग मूल स्वतः ठरवील. आणि ते तुमच्यापेक्षा वेगळे ठरले, तरी वाईट वाटून घेऊ नका.